नानांची .३१५ आणि तुझी निवड

शिवाजी नगर, भोपाळ

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

कोलोरॅडोत हरणाच्या शिकारीचा परवाना मिळाल्याचे आणि त्याच रायफलीने कायोटी व प्रेअरी डॉग या उपद्रवी जनावरांचाही बंदोबस्त करण्याचा तुझा मनसुबा असल्याचे वाचले, परंतु आपल्या नानांची .३१५ बोअरची रायफल एवढी नामांकित, तर तिकडच्या दुकानांत त्या मापाचे काडतूस कोणी ओळखत का नाही, हा जो प्रश्न तू विचारलास, त्याचे उत्तर शस्त्रविद्येत नसून सरकारी दप्तरात आहे, आणि दप्तरातच हयात घालविलेल्या तुझ्या काकाला ते सांगण्याचा मोह आवरत नाही.

ज्या .३०३ काडतुसावर फौज लढते ते रयतेच्या बंदुकीत बसता कामा नये, अशी बंदी इंग्रज सरकारने विसाव्या शतकाच्या आरंभी घातली. शस्त्रागारातून चोरीस गेलेला दारूगोळा उद्या आपल्यावरच उलटेल, ही त्यामागची धास्ती; सत्तावन्नचे साल ते विसरले नव्हते, असे मला वाटते. तेव्हा विलायतेच्या बीएसए कारखान्याने फौजी ली रायफलीच्याच घडणीत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्कराचे ८ मिलिमीटरचे मानलिखर काडतूस बसविले, आणि तेच इंचांत मोजून .३१५ झाले. स्वराज्य आले, १९५९ चा शस्त्र कायदा आला, तरी निषिद्ध बोअरची कल्पना कायम राहिली. इशापूरच्या आणि पुढे तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्यांनी रायफली घडविल्या, पुण्याजवळच्या खडकीने काडतुसे पुरविली. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला ठरल्यावर, १९५६ साली, नानांनी नागपूरचे बिऱ्हाड इकडे हलविले आणि पुढे परवाना काढला, तेव्हा दुकानदाराने त्यांना ‘कोणते माप हवे?’ असे विचारलेसुद्धा नसेल.

ती २४४ ग्रेनची जाड, संथ गोळी रायसेनकडच्या सागवानात, जिथे सांबर दिसले तर हाकेच्या अंतरावरच दिसायचे, तिथे उत्तम. तुझ्या उघड्या माळावर मात्र दूर जाता जाता ती फार खाली उतरेल. इकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला. नीलगाय व रानडुक्कर यांना अधिकाऱ्याच्या लेखी हुकमाशिवाय हात लावता येत नाही, आणि २०२५ साली आमच्या शाजापूर जिल्ह्यात तर पिके खाणारी काळविटे व नीलगायी हेलिकॉप्टरने हाकून कुंपणात घेतली आणि दूरच्या जंगलांत नेऊन सोडली! नानांनी हे पाहिले असते तर काय म्हटले असते, ते पत्रात लिहिण्याजोगे नाही.

आता तुझ्या निवडीविषयी. .२२३ स्वस्त खरी, परंतु कोलोरॅडोच्या नियमाप्रमाणे हरणासाठी किमान .२४ इंचाचे माप आणि ७० ग्रेनची गोळी लागते, म्हणून ती बाद. १९५५ साली तिकडच्या दोन कारखान्यांनी जवळजवळ एकाच वेळी ६ मिलिमीटरची दोन काडतुसे बाजारात आणली. रेमिंग्टनचा अंदाज असा की गिऱ्हाईक ती लहान उपद्रवी जनावरांवरच वापरणार, म्हणून त्यांनी आपल्या .२४४ च्या नळीतील पेचदार खाचांना १२ इंचांत एक फेरा दिला, जो ९० ग्रेनपर्यंतच्या हलक्या गोळ्यांना पुरेसा होता. विंचेस्टरने मात्र .२४३ ला १० इंचांत एक फेरा देऊन हरणाची १०० ग्रेनची गोळीही विकली, कारण जड गोळी लांब असते आणि फेरा सावकाश असेल तर ती हवेत स्थिर राहत नाही. लोकांना एकाच रायफलीत दोन्ही कामे हवी होती; .२४४ मागे पडली, आणि १९६३ साली ९ इंचांचा फेरा व ६ मिलिमीटर रेमिंग्टन हे नवे नाव घेऊन आली, तोवर बाजार .२४३ ने घेतला होता.

तेव्हा माझे मत निःसंदिग्धपणे .२४३ कडे: हरणासाठी १०० ग्रेन, कायोटीसाठी त्याहून बरीच हलकी गोळी, मात्र गोळी बदललीस की निशाणाचा मेळ पुन्हा घालून घे, कारण दोन्हींचा मार एका बिंदूवर पडत नाही. दुकानदार .३०८ चा आग्रह धरील. प्रेअरी डॉगसाठी खांद्याला तेवढा धक्का खाण्याचे कारण मला दिसत नाही. आणि जनावराच्या मागे टेकडी अगर मातीचा बांध नसेल तर बार काढू नकोस. सौभाग्यवतीस आशीर्वाद.

तुझा,
काका