नाव मोकळ्या गळ्याने

आमचे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत कामगार. रात्री वस्तीवस्तीत भीमगीते गात. माइकशिवाय मैदान गाजवणारा गळा. १९८८ साली उल्हासनगरच्या एका छोट्या स्टुडिओत कॅसेटसाठी उभे राहिले, तर 'भीम' म्हणताच धप्प आवाज! 'भ', 'प', 'फ' म्हणताना तोंडातली हवा थेट माइकवर आदळते. वडिलांनी नाव हळू घेऊन पाहिले. गाण्यातला जीवच गेला. रेकॉर्डिंग करणारे म्हणाले, "दादा, तुम्ही नाव मोकळेपणाने घ्या. बदल मी करतो." त्यांनी माइक वीतभर दूर, जरा तिरका केला, मध्ये पातळ कापड ताणले. वरच्या सुराला पाऊलभर मागे सरा, एवढेच सांगितले.

वडील २००६ साली गेले. कॅसेटमधून ते नाव आजही छातीतून येते. तुमच्याही घरी असा आवाज असेल, तर टेप खराब होण्याआधी मोबाइलवर उतरवून घ्या.