काचेतला समुद्र

सूर्य मावळण्याच्या सुमारास माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे उजव्या हाताला माहीमचा जुना किल्ला दिसतो आणि डाव्या हाताला दूरवर वरळीचे टोक दिसते. समोर उपसागराला ओलांडून जाणारा सागरी सेतू. वाळूवर कोळ्यांच्या होड्या विसावलेल्या असतात. हा देखावा रोज पाहणाऱ्यांना समुद्र म्हणजे एक स्वयंसिद्ध वस्तू वाटते. त्याला खारट कोणी केले, त्याचे पाणी कोण ढवळते, त्यातील घाण कोठे जाते, असे प्रश्न कोणाच्या मनातही येत नाहीत. परंतु याच किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर एका जुन्या इमारतीत एक आजोबा व त्यांची नात राहत असत. त्यांना मात्र या प्रश्नांची उत्तरे एका काचेच्या पेटीने शिकवली.

आजोबा गोदीतील नोकरीतून निवृत्त झाले होते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते खुले झाले. पुढे लहानपणी आजोबांनी वडिलांचा हात धरून ते पाहिले आणि काचेमागच्या समुद्राचे वेड त्यांच्या मनात घर करून बसले. आयुष्यभर नोकरीच्या धबडग्यात दडून राहिलेली ती हौस म्हातारपणी उफाळून आली. त्यांनी १०० लिटर पाणी मावेल अशी काचेची पेटी आणली, ती भिंतीलगत भक्कम मेजावर ठेवली आणि नातीला सांगितले, "बाळ, आता आपण घरात समुद्र आणायचा."

नातीला वाटले, यात काय कठीण आहे! समुद्र तर हाकेच्या अंतरावर. चार कळशा भरून आणल्या की काम झाले. पण आजोबांनी मान हलवली. माहीमच्या खाडीत मिठी नदी येऊन मिळते आणि तिच्याबरोबर शहराचे सांडपाणीही येते. ते पाणी पेटीत ओतले, तर नाजूक जीव दोन दिवसही जगायचे नाहीत. समुद्राच्या काठी राहून समुद्राचे पाणी विकत घेतल्यासारखे बनवावे लागावे, ही गोष्ट नातीला फार चमत्कारिक वाटली. ती तिच्या मनात कोठेतरी रुतून बसली.

समुद्राचे पाणी घरी तयार करणे म्हणजे स्वयंपाकघरातील मीठ पाण्यात टाकणे नव्हे. सागराच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत आपल्या नेहमीच्या मिठाचा वाटा सर्वांत मोठा, हे खरे. परंतु मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे इतर अनेक घटकही त्यांत ठराविक प्रमाणात असतात. शंखाला कवच बांधायला कॅल्शियम हवेच. म्हणून आजोबांनी या कामासाठी मुद्दाम तयार केलेले क्षारांचे मिश्रण आणले. नळाच्या पाण्यातील जंतुनाशक क्लोरीन प्रथम काढून टाकले आणि मग १०० लिटर पाण्यात सुमारे ३.५ किलो क्षार हळूहळू विरघळवले. पाण्याची घनता मोजण्याची नळी बुडवून ते दर वेळी चष्म्याआडून बारकाईने आकडा पाहत.

काही दिवसांनी पेटीतील पाणी बोटभर खाली गेले. नात लगबगीने खारे पाणी घेऊन आली. आजोबा हसून म्हणाले, "थांब. तू मिठागरे पाहिली आहेस ना? तेथे ऊन काय नेते आणि काय ठेवते?"

"पाणी नेते आणि मीठ ठेवते," नात म्हणाली. आणि बोलता बोलताच तिला आपली चूक उमगली. पेटीतूनही वाफ होऊन गेले ते केवळ पाणी. क्षार मागेच राहिले होते. त्यात पुन्हा खारे पाणी ओतले, तर पेटीचे मिठागर व्हायचे. तेव्हापासून रोज सकाळी पेटीत गोडे पाणी घालण्याचे काम तिच्याकडे आले. मे महिन्याच्या काहिलीत पाणी तापू नये म्हणून आजोबांनी पेटीवर एक लहान पंखा बसवला. माठातील पाणी जसे वाफेमुळे गार होते, तद्वत पेटीतील पाणीही गार राही. मात्र त्यामुळे ते आटेही लवकर, आणि नातीचे काम दुप्पट होई.

पाणी तयार झाले; आता मासे केव्हा आणायचे, असा धोशा नातीने लावला. आजोबांनी मात्र सव्वा महिना एकही मासा आणला नाही. पेटीत होती नुसती वाळू, काही सच्छिद्र दगड आणि पाणी खेळते ठेवणारा एक पंप. एका जुन्या स्नेह्याच्या पेटीतील मूठभर दगडाचा तुकडा आणून त्यांनी मध्यभागी ठेवला आणि ते म्हणाले, "हे आपले विरजण."

ती थट्टा नव्हती. मासे जे उत्सर्जन करतात आणि जे अन्न उरून कुजते, त्यांपासून अमोनिया नावाचा विषारी पदार्थ निर्माण होतो. डोळ्यांना न दिसणारे काही जीवाणू त्याचे नायट्राइट बनवतात. तेही विषारीच. मग दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट बनवतात. ते पुष्कळच कमी घातक असते आणि अधूनमधून थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. हे अदृश्य सफाई कामगार दगडांच्या छिद्रांत वस्ती करतात. पण त्यांची वस्ती वाढायला चार-सहा आठवडे लागतात. विरजण लावलेल्या दुधात तासाभराने बोट घालून पाहणाऱ्याला दही मिळत नाही, तसेच हे. इंडोनेशियातील जाकार्ता शहराचे ली चिन एंग यांनी १९६१ साली एक लेख लिहून सागरी जीवांनी भरलेल्या दगडांचे हेच सामर्थ्य जगापुढे मांडले होते. मोठ्या यंत्रांवाचून, केवळ जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे यांच्या बळावर ते आपल्या पेट्या निर्मळ राखत.

अखेर दोन विदूषक मासे घरी आले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले हे मासे समुद्रातून पकडलेले नव्हते. ते टाकीतच जन्मले आणि वाढले होते. त्यांच्यासोबत चार शंखगोगलगायीही आल्या. नातीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. ती शाळेतून आली की दप्तर टाकून पेटीपुढे बसे. तिला पाहताच मासे काचेजवळ येत आणि तोंडाची उघडझाप करीत.

एके संध्याकाळी आजोबा बाहेर गेले होते. मासे नेहमीप्रमाणे काचेशी आले. नातीला वाटले, बिचारे भुकेले आहेत. तिने चिमूटभर अन्न घातले. त्यांनी ते मटकावले. तिने आणखी घातले, पुन्हा आणखी घातले. मायेने तिचा हात आवरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतील पाणी ताकासारखे गढूळ झाले होते. उरलेले अन्न वाळूत कुजले होते आणि त्या विषापुढे जीवाणूंची ती छोटी फौज अपुरी पडली होती. एक मासा पाण्याच्या पृष्ठाशी धापा टाकीत होता. दुसरा दगडाच्या आडोशाला निपचित पडला होता.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी तयार ठेवलेले खारे पाणी काढले आणि पेटीतील जवळजवळ निम्मे पाणी बदलले. मग हवा मिसळावी म्हणून ते एका भांड्याने पाणी उचलून उंचावरून पुन्हा पेटीत सोडू लागले. रडवेली नात शेजारी उभी होती. तिचे मन रमावे म्हणून त्यांनी काम करता करता एक खरी गोष्ट सांगितली.

१८४६ साली इंग्लंडमधील अ‍ॅना थिन नावाची एक स्त्री समुद्रकाठच्या टॉर्की या गावी गेली असता तेथील लहानसे प्रवाळ पाहून मोहित झाली. तिने ते भांड्यात घालून लंडनला आपल्या घरी आणले. लंडन समुद्रापासून दूर. नवे पाणी वारंवार आणणे शक्य नव्हते. त्या काळी विजेचा पंपही नव्हता. तेव्हा उघड्या खिडकीशी उभे राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात वरून ओतायचे, म्हणजे त्यात हवा मिसळेल, अशी युक्ती तिने काढली. हे काम रोज अर्धा-पाऊण तास चाले आणि ते तिच्या घरातील मोलकरीण करी. पुढच्या वर्षी तिने पाण्यात समुद्री वनस्पतीही ठेवल्या. अशा रीतीने ते प्रवाळ लंडनच्या घरात दीर्घकाळ जगले. 'ॲक्वेरियम' हा शब्द लोकांच्या तोंडी रुळण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

"त्या मोलकरणीचे नाव काय होते?" नातीने डोळे पुसत विचारले.

"ते कोणाच्या ध्यानात राहिले नाही, बाळ. पण तिचा हात थांबला असता, तर ते प्रवाळ मेले असते."

नातीने मुकाट्याने आजोबांच्या हातातले भांडे घेतले आणि ती पाणी ओतू लागली. एक मासा वाचला. दुसरा वाचला नाही.

पुढे काही महिन्यांनी पेटी पुन्हा स्थिरावली. एक दिवस नातीने विचारले, "आजोबा, हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ आहेत म्हणे. एक लहानसा तुकडा आणू या का?"

आजोबांनी तिला जवळ बसवून घेतले. प्रवाळ दिसायला दगडासारखे दिसत असले, तरी ती शेकडो सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. आपल्याच शरीरातून चुनखडीचे घर घडवीत हे जीव अतिशय मंद गतीने वाढतात. म्हणून भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना वाघासारखेच सर्वोच्च संरक्षण दिले आहे. समुद्रातून प्रवाळ तोडणे हा अपराध आहे. "तुला ठाऊक आहे का," आजोबा म्हणाले, "मुंबईचा किनारी रस्ता बांधताना वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ लहान वसाहती मार्गात आल्या. तेव्हा त्यांना चिरडून रस्ता पुढे नेला नाही. २०२० साली वन विभागाची अनुमती घेऊन राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या अलगद सोडवून दुसऱ्या सुरक्षित खडकांवर नेऊन बसवल्या. एवढ्या मोठ्या रस्त्याने तळहाताएवढ्या जीवांसाठी वाट वाकडी केली. मग आपल्या हौसेने थोडे थांबायला नको का?"

पेटीत प्रवाळ आले नाही. नातीने त्याचा हट्टही पुन्हा धरला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी दोघे किनाऱ्यावर फिरायला गेली. ओहोटी होती. उघड्या पडलेल्या चिखलावर पिशव्या, चिंध्या आणि बाटल्या अडकल्या होत्या. नात बराच वेळ ते पाहत राहिली आणि मग म्हणाली, "आजोबा, आपल्या पेटीचे पाणी आपण बदलतो. ह्या खाडीचे कोण बदलते?"

"भरती-ओहोटी बदलते. दिवसातून दोनदा."

"मग आपण रोज त्यात एवढे घालतो, ते तिला पुरे पडते का?"

आजोबांना उत्तर सुचले नाही. एका चिमूटभर जास्त अन्नाने काचेतला समुद्र एका रात्रीत नासला होता. विहार आणि पवईच्या तलावांकडून सुमारे १८ किलोमीटर वाहत येणारी मिठी नदी वाटेत काय काय उचलून या खाडीत आणते, ते त्यांना ठाऊक होते. काचेच्या पेटीशी कोणी असे वागला असता, तर त्यांनी त्याचा हात धरला असता.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "पुरे पडत नाही. पण बिघडलेले सुधारता येते. धारावीजवळ मिठीच्या काठी १९७७ सालापर्यंत शहराचा कचरा टाकीत असत. त्याच जागी माणसांनी झाडे लावली, आणि १९९४ साली तेथे निसर्ग उद्यान उभे राहिले. आज तेथे पक्षी येतात, फुलपाखरे येतात. तेथेही कोणीतरी भांड्याने पाणी ओतीतच राहिले असणार."

नात काही बोलली नाही. तिने वाकून पायांशी आलेली एक पिशवी उचलली, मग दुसरी उचलली. अंधार पडू लागला तेव्हा तिचे दोन्ही हात भरले होते. समोर खाडीत भरतीचे पाणी हळूहळू चढू लागले होते. घरी पेटीत वाचलेला तो एकटा मासा तिची वाट पाहत होता. त्या रात्री तिने त्याला चिमूटभरच अन्न घातले. आणि ते त्याने पूर्ण खाईपर्यंत ती तेथून हलली नाही.