इशारा कोणाच्या सवयीने वाजावा?

पन्नास वर्षे वाहन चालविलेल्या माणसाला वाहनानेच शहाणपण शिकवावे, हे पचायला जड जाते. मुलाने घेऊन दिलेल्या नव्या मोटारीत टक्कर टाळण्यासाठी इशारा देणारी यंत्रणा आहे. कॅमेरा व रडार समोरच्या वाहनाचे अंतर आणि वेग मोजत राहतात. आहे तोच वेग राहिला तर किती सेकंदांत गाठ पडेल, याचे गणित सतत चालू असते. सेकंद ठरावीक मर्यादेखाली आले की घंटी वाजते.

पुण्याच्या रहदारीत ती इतकी वाजू लागली, की शेजारी बसलेली पत्नी दचकू लागली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला व्यायामोपचारांसाठी नेणे-आणणे माझ्याकडे होते. इशारा 'लवकर', 'मध्यम' की 'उशिरा' हवा, हे ठरविता येते असे कळले. मी 'उशिरा' निवडले. यंत्राने माझ्या सवयीप्रमाणे वागावे, एवढाच माझा आग्रह!

एका संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर पुढची रिक्षा एकाएकी थांबली. इशारा वाजला आणि मी ब्रेक दाबला, ते एकाच क्षणी. मोटार हातभर अंतरावर थांबली. पण पत्नीने भीतीने पाय रेटला आणि तिच्या गुडघ्यातून कळ गेली. घरी येईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही.

त्या रात्री मी हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. वयोमानाने पाय ब्रेकवर पोचायला अर्धा सेकंद अधिक लागला, तर ८ मीटर गेले. म्हणजे दोन मोटारींची लांबी. अंतर मात्र मी पन्नाशीतलेच ठेवीत होतो.

चालकाची पद्धत पाहून इशाऱ्याची वेळ आपोआप ठरविणाऱ्या यंत्रणांवर संशोधन झाले आहे. हेतू रास्तच आहे, कारण नाहक इशाऱ्यांना कंटाळून माणसे ते बंदच करतात. पण केवळ सवयीलाच प्रमाण मानले, तर पुढच्या वाहनाला खेटून चालविणाऱ्याला इशारा उशिरा मिळेल. मी तरी स्वतःच्या हाताने दुसरे काय केले होते?

आता इशारा 'लवकर'वर आहे. पहिला आठवडा कर्कश गेला. मग मीच अंतर वाढविले आणि घंटी विरळ झाली. आपल्या घरी वडील मोटार चालवीत असतील, तर "बाबा, आता पुरे" असे एकदम म्हणू नका. चार दिवस शेजारी बसा, इशारा कधी वाजतो ते पाहा. चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, झोप आणणारी औषधे यांचीही चौकशी करा. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण ५ वर्षांसाठी होते. आमच्या वयात ५ वर्षे हा फार मोठा काळ आहे.

रात्रीचे चालविणे मी सोडले आहे. परवा दिवसाउजेडी, मोकळ्या रस्त्यावर घंटी वाजली. पत्नीने नुसते माझ्याकडे पाहिले. घरी आल्यावर मी वहीत तारीख टिपून ठेवली.