हिवाळ्यातली बाग आणि मधुमेहींचे पाय

दिवाळी संपली की आपल्या नगरकडची हवा एकदम कोरडी आणि गार होते. आपला बराचसा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. त्यामुळे दुपारी ऊन चटका देते आणि रात्री पारा भराभर उतरतो. डिसेंबर-जानेवारीत तो अनेकदा १० अंशांच्याही खाली जातो. पण हाच काळ शेवंती, झेंडू आणि गुलाबाचा. गच्चीवर, अंगणात, बाल्कनीत चार कुंड्या ठेवणारी मंडळी याच दिवसांत सर्वांत जास्त वेळ मातीत घालवतात. त्यात निवृत्त झालेले खूप असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मधुमेह असतो. आजचा लेख त्यांच्यासाठी आहे.

माझ्याकडे गेली अनेक वर्षे येणारे एक काका आहेत. निवृत्त शिक्षक, पंधरा वर्षांचा मधुमेह, गच्चीवर तीसेक गुलाब. एका हिवाळ्यात काकू त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आल्या. मोज्याला डाग दिसला म्हणून त्यांनी पाय पाहिला होता. अंगठ्याजवळच्या बोटाखाली गुलाबाचा काटा मोडून आत राहिला होता आणि बोट काळे पडू लागले होते. मी विचारले, "काका, इतके दिवस आला का नाहीत?" ते शांतपणे म्हणाले, "दुखलं असतं तर आलोच असतो ना, डॉक्टर."

सगळी गोम इथेच आहे. साखर बरीच वर्षे जास्त राहिली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. याला डायबेटिक न्यूरोपॅथी म्हणतात. काटा रुततो, पण वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नाही. त्यात रक्तपुरवठा कमी असेल तर जखम भरत नाही आणि जास्तीची साखर जंतुसंसर्गाला मदत करते. काकांचे ते बोट काढावे लागले. पाऊल वाचले, हे नशीब.

हिवाळ्यात हा धोका वाढतो. कोरड्या हवेने टाचांना भेगा पडतात आणि माती, शेणखत त्यांत शिरते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणखतात असतात. दुसरा धोका त्याहून फसवा आहे. गार फरशीवर काम करून पाय गारठले की आपण गरम पाण्याची बादली घेतो, शेकोटीजवळ बसतो किंवा गरम पाण्याची पिशवी लावतो. बधिर पायाला पाणी किती कढत आहे ते समजत नाही. फोड आलेला दुसऱ्या दिवशी दिसतो. असे भाजलेले पाय मी दर थंडीत पाहतो.

काकूंनी त्यानंतर सगळ्या कुंड्या वाटून टाकायचे ठरवले होते. त्यांची भीती खरी होती. तरीही मी त्यांना थांबवले. बागेमुळे काका रोज जिना चढत, उठत-बसत, सकाळचे ऊन घेत आणि चार माणसांशी बोलत. ते सगळे बंद झाले असते तर साखर आणखी बिघडली असती. बाग चालू ठेवायची, पण नियम पाळून, असे आमचे ठरले.

पहिला नियम, अनवाणी मातीत जायचे नाही. पुढून बंद असलेली, मऊ तळाची पादत्राणे घालायची आणि घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा-काटा पाहायचा. गुलाबाची छाटणी करताना जाड हातमोजे घालायचे आणि छाटलेल्या फांद्या लगेच टोपलीत भरायच्या. काम झाले की पाय कोमट पाण्याने धुवायचे. पाणी घरातल्या दुसऱ्याने हाताने तपासायचे. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. टाचेला खोबरेल किंवा व्हॅसलिन लावायचे, बेचक्यांत मात्र नाही. रात्री तळवे आरशात पाहायचे किंवा घरच्यांना दाखवायचे. धनुर्वाताच्या लसीचा बूस्टर दर १० वर्षांनी घ्यायचा. मळकट जखम झाली आणि शेवटचा डोस ५ वर्षांपूर्वीचा असेल, तर पुन्हा घ्यावा लागतो.

वेळेचेही पाहा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. बीपी किंवा हृदयविकार असलेल्यांनी पहाटेच्या गारठ्यात कुंड्या उचलू नयेत. ऊन अंगावर आल्यावर काम करावे. झाडांचेही यात नुकसान नाही. थंडीत पानांतून पाणी कमी उडते, त्यामुळे उन्हाळ्याइतके पाणी घातले तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मातीत बोट घालून पाहा. वरची इंचभर कोरडी असेल तरच पाणी द्या. माणसाचे नेमके उलटे. थंडीत तहान लागत नाही म्हणून वयस्कर मंडळी पाणीच पीत नाहीत, मग बद्धकोष्ठता आणि लघवीच्या तक्रारी घेऊन येतात. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल, तर आठवणीने पाणी प्या.

कुंडीखालच्या ताटल्या आणि मनीप्लांटच्या बाटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसते पाणी ओतून जात नाहीत.

काकांचे गुलाब यंदाही फुललेत आणि तळवे तपासायचे काम काकूंनी स्वतःकडे घेतले आहे. तुम्हाला मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पायांची संवेदना तपासून घ्या. दवाखान्यात पाच मिनिटांचे काम असते. आणि पायाला जखम, फोड, सूज किंवा काळा डाग दिसला तर दुखण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी दाखवा.