सरन्यायाधीश टॉनी : काही टिपणे

१.
रॉजर ब्रूक टॉनी. जन्म १७७७, मेरीलँड, तंबाखूच्या मळेवाल्याच्या घरात. अमेरिकेचा पाचवा सरन्यायाधीश. १८३६ ते १८६४, मरेपर्यंत त्याच खुर्चीत. बायकोचा भाऊ फ्रान्सिस स्कॉट की. त्याचं गीत पुढे अमेरिकेचं राष्ट्रगीत झालं.

२.
१८१९, मेरीलँडमधलं फ्रेडरिक. जेकब ग्रूबर नावाच्या मेथडिस्ट धर्मोपदेशकावर खटला. आरोप असा की, प्रवचनात गुलामगिरीला पाप म्हणून त्याने गुलामांना चिथावलं. वकीलपत्र टॉनीने घेतलं. कोर्टात तो म्हणाला, गुलामगिरी हा राष्ट्राच्या चारित्र्यावरचा डाग आहे. तो पुसला जाईल तेव्हाच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली भाषा आपल्याला न लाजता दाखवता येईल. ग्रूबर निर्दोष सुटला. वकील तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता.

३.
आपल्या वाट्याला आलेले गुलाम टॉनीने स्वतःहून मुक्त केले होते. त्यांतल्या थकलेल्या म्हाताऱ्यांना तो दरमहा पैसे देत असे.

४.
१८३२. टॉनी आता राष्ट्राध्यक्ष जॅक्सनचा ॲटर्नी जनरल. दक्षिण कॅरोलायनाचा एक कायदा त्याच्यापुढे आला : बंदरात आलेल्या जहाजावर स्वतंत्र काळा खलाशी असेल, तर जहाज सुटेपर्यंत त्याला तुरुंगात ठेवायचं. टॉनीने कायद्याच्या बाजूने मत दिलं. घटना लिहिणाऱ्यांनी या लोकांना मोजलंच नव्हतं, असं त्याचं कारण. ग्रूबरच्या खटल्याला तेरा वर्षं झाली होती. पुढे १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात त्याने दिलेल्या निकालाचा दोष त्याच्या म्हातारपणावर टाकणाऱ्यांनी हा कागद वाचावा.

५.
जॅक्सनने बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सविरुद्ध लढाई पुकारली. सरकारी ठेवी तिथून हलवायला कोणी अर्थमंत्री तयार होईना, टॉनी झाला. सिनेटने सूड घेतला. १८३४ मध्ये त्याची अर्थमंत्रिपदाची नेमणूक फेटाळली, पुढच्या वर्षी न्यायाधीशपदाची लांबणीवर टाकली. १८३६ मध्ये मात्र २९ विरुद्ध १५ मतांनी त्याला थेट सरन्यायाधीश म्हणून मान्यता मिळाली.

६.
ड्रेड स्कॉट. मालक लष्करातला डॉक्टर, जॉन इमर्सन. त्याच्या बदल्यांबरोबर स्कॉटही फिरला : इलिनॉय, मग आजच्या मिनेसोटातला फोर्ट स्नेलिंग. दोन्हीकडे गुलामगिरीला बंदी. हॅरिएटशी लग्न फोर्ट स्नेलिंगलाच झालं. १८४६ मध्ये सेंट लुइसच्या कोर्टात नवरा-बायकोने दावे लावले : बंदीच्या मुलखात राहिलो, म्हणून आम्ही मुक्त. मिझुरीच्या कोर्टांनी असे दावे पूर्वी मान्य केले होते. १८५० मध्ये ज्युरीने यांच्याही बाजूने कौल दिला. १८५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कारण लिहिलं : काळ आता पूर्वीचा राहिलेला नाही.

७.
४ मार्च १८५७. स्कॉटचा खटला आता अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात, टॉनीपुढे होता. नवे राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन शपथविधीच्या भाषणात म्हणाले की, नव्या प्रदेशांतल्या गुलामगिरीचा प्रश्न न्यायालय लवकरच सोडवील. निकाल काहीही लागो, तो आपण आनंदाने मानू. निकाल कुठल्या बाजूला झुकला आहे, हे त्यांना दोन न्यायाधीशांच्या पत्रांतून आधीच कळलं होतं.

८.
६ मार्च १८५७. ऐंशी वर्षं पूर्ण व्हायला अकरा दिवस कमी. कॅपिटॉलच्या तळमजल्यावरच्या न्यायदालनात टॉनी सुमारे दोन तास वाचत होता. काळा माणूस, गुलाम असो की स्वतंत्र, अमेरिकेचा नागरिक नाही. म्हणून स्कॉटला संघीय कोर्टात उभं राहण्याचाच हक्क नाही. नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसला नाही. घटना झाली तेव्हा गोऱ्या माणसाने मानायलाच हवा असा एकही हक्क या लोकांना नव्हता. आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या ‘सर्व माणसं समान’ या शब्दांत ते धरलेले नव्हते. यात वादाला जागा नाही, असं तो म्हणाला.

९.
टॉनीचे पाठीराखे म्हणतात, ते मत त्याचं स्वतःचं नव्हतं. घटनाकारांच्या काळातली समजूत त्याने फक्त सांगितली. पण त्याने ती नुसती सांगितली नाही. तिला कायदा केलं आणि जिवंत माणसांना त्यात बांधलं. शिवाय ती खरीही नव्हती. विरोधी मत देणाऱ्या दोघांपैकी बेंजामिन कर्टिसने पुरावा मांडला : राष्ट्र बनत असताना न्यू हँपशायर, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि उत्तर कॅरोलायना या पाच राज्यांत स्वतंत्र काळ्या पुरुषांना मताचा अधिकार होता. म्हणजे घटना मंजूर करणाऱ्या जनतेत तेही होते. या युक्तिवादाला टॉनीच्या निकालपत्रात मला पुरेसं उत्तर सापडत नाही. कर्टिसने त्याच वर्षी राजीनामा दिला.

१०.
डॉक्टर इमर्सनच्या विधवेने दुसरं लग्न केलं होतं. नवरा मॅसॅच्युसेट्सचा काँग्रेस सदस्य, गुलामगिरीचा कट्टर विरोधक. निकालानंतर गवगवा झाला. स्कॉट कुटुंब सेंट लुइसच्या टेलर ब्लोच्या नावे करण्यात आलं, आणि २६ मे १८५७ रोजी त्याने सगळ्यांना मुक्त केलं. खटला चालू असताना स्कॉटने केलेल्या कामाची मजुरी शेरीफकडे साठत होती. ती बाईंनी मागितली. त्यांना ती मिळाली.

११.
फ्रेडरिक डग्लस. टॉनीच्याच मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्म, १८३८ मध्ये पलायन. निकालानंतर दोन महिन्यांनी केलेल्या भाषणात तो म्हणाला की, त्याची आशा इतकी उजळ कधीच नव्हती. प्रश्न मिटवायचा प्रत्येक प्रयत्न तो आणखी पेटवतो, हे त्याने पाहिलं होतं.

१२.
४ मार्च १८६१ रोजी लिंकनला शपथ टॉनीने दिली. तीन महिने व्हायच्या आत दोघे समोरासमोर आले. जॉन मेरीमन नावाच्या माणसाला लष्कराने खटल्याशिवाय फोर्ट मॅकहेन्रीत डांबलं. टॉनीने हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैद्याला कोर्टापुढे हजर करण्याचा, आदेश काढला, किल्ल्याच्या अधिकाऱ्याने तो मानला नाही. तेव्हा टॉनीने लिहिलं की, हा हक्क स्थगित करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचा नाही, काँग्रेसचा आहे. हा निकाल मला पटतो. तो त्याच हाताने लिहिलेला आहे, याचा त्रास होतो.

१३.
फ्रान्सिस स्कॉट कीने १८१४ मध्ये गीत लिहिलं ते याच फोर्ट मॅकहेन्रीवरचा तोफांचा मारा पाहून.

१४.
टॉनी १२ ऑक्टोबर १८६४ रोजी वारला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मेरीलँडमध्ये नव्या राज्यघटनेवर मतदान होतं : गुलामगिरी रद्द करायची की नाही. घरच्या मतपेट्यांत नवी घटना हरत होती. सैनिकांची मतं आली आणि ती ३७५ मतांनी मंजूर झाली.

१५.
१ फेब्रुवारी १८६५. जॉन रॉक हा सर्वोच्च न्यायालयात वकिलीची सनद मिळवणारा पहिला काळा वकील ठरला. सरन्यायाधीशाच्या खुर्चीत आता सॅमन चेस. जन्मठेपेसारखं आयुष्य भोगून पळालेल्या गुलामांची वकिली करून नाव झालेला माणूस.

१६.
१८७३. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्लॉटरहाउस खटल्यांत चौदाव्या घटनादुरुस्तीने दिलेलं संरक्षण बरंचसं आकसून टाकलं.

१७.
ती चौदावी दुरुस्ती १८६८ची. तिचं पहिलंच वाक्य टॉनीला उत्तर आहे : अमेरिकेत जन्मलेला आणि तिच्या अधिकारक्षेत्रात असलेला प्रत्येक जण नागरिक. न्यू जर्सीत व्हिसावर नोकरी करणाऱ्या मराठी जोडप्याचं तिथे जन्मलेलं मूल अमेरिकन ठरत आलं, ते या वाक्यामुळे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी अशा नवजात मुलांना नागरिकत्व नाकारणारा हुकूम काढला. खालच्या कोर्टांनी तो अंमलात येण्याआधीच रोखला. त्या निकालपत्रांत ड्रेड स्कॉटचं नाव येतं.

१८.
ॲनापोलिसच्या विधिमंडळासमोरचा टॉनीचा पुतळा ऑगस्ट २०१७ मध्ये एका रात्रीत हलवला. कॅपिटॉलमधला अर्धपुतळा काढून तिथे सर्वोच्च न्यायालयाचा पहिला काळा न्यायाधीश थर्गूड मार्शल याचा बसवण्याचा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये झाला. मार्शलही मेरीलँडचा, बाल्टिमोरचा. मला हे योग्य वाटतं. टॉनीला विसरू नये. पण त्यासाठी त्याचं निकालपत्र आहे, ते वाचावं.

१९.
हॅरिएट स्कॉटचा दावा स्वतंत्र होता, तिच्या स्वतःच्या नावाचा. १८५० मध्ये दोन्ही दावे एकत्र झाले आणि पुढे सगळी चर्चा ड्रेडच्या नावाने झाली. पण गुलामगिरीच्या कायद्यात मुलं आईची स्थिती घेऊन जन्मत. एलायझा आणि लिझी या मुलींचं भवितव्य हॅरिएटच्या दाव्याला बांधलेलं होतं. ड्रेड सप्टेंबर १८५८ मध्ये क्षयाने गेला. ती सेंट लुइसमध्ये लोकांचे कपडे धुऊन जगली आणि १८७६ मध्ये वारली. या खटल्याचा अभ्यास तिच्या दाव्यापासून सुरू करावा, असं मला वाटतं.