काठ्यांची भेट

नवऱ्याने बायकोला साडी आणली तर ती शेजारी दाखवता येते. भांडे आणले तर मांडणीवर ठेवता येते. पण फूल आणले तर दोघांनाही लाज वाटते. आपल्या घरांत प्रेम असते, पण ते पगाराच्या पाकिटातून, औषधाच्या बाटलीतून आणि रात्री उशिरा आलेल्या माणसासाठी झाकून ठेवलेल्या भाकरीतून दिसते. गुलाब वगैरे सिनेमातले, असे आपण मानत आलो.

तसे आमच्या मालवणच्या किनाऱ्याला फुलांचे दारिद्र्य नाही. परसात जास्वंद, अबोली, मोगरा असतोच. वेंगुर्ल्याकडच्या आरवली-सोन्सुऱ्याच्या सुरंगीचे वळेसर तर मुंबईकरांनाही ठाऊक आहेत. गुलाब मात्र घाटावरचा. चौदा फेब्रुवारीला जो लांब देठाचा गुलाब विकला जातो, तो बहुधा मावळ-तळेगावच्या हरितगृहांतला असतो. चार दिवसांत त्याच्या पाकळ्या गळतात.

२०२२ च्या डिसेंबरात आमच्या लग्नाला वीस वर्षे झाली. त्या वेळी आमच्या ह्यांनी उत्तरेकडच्या एका रोपवाटिकेतून पार्सल मागवले. उघडून पाहिले तर ओल्या शेवाळात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या सहा काटेरी काठ्या! पान नाही, माती नाही, नुसत्या उघड्या मुळ्या. सासूबाई म्हणाल्या, "ह्या काय आणलंस रे? चुलीत घालूक?" ह्यांचा चेहरा उतरला. पण मला त्या काठ्या पाहून बरे वाटले. तोडलेले फूल देणाऱ्याचे काम तिथेच संपते. हे मात्र दोघांनी मिळून जगवायचे होते.

थंड मुलखात गुलाब हिवाळ्यात पाने टाकून झोपतो. त्या झोपेतच तो मातीतून उपटून दूरवर पाठवता येतो. झोपलेल्या झाडाला पाणी कमी लागते, आणि मातीचे ओझे नसल्याने वाहतूक स्वस्त पडते. आपल्याकडे कडाक्याची थंडी नाही, त्यामुळे काठी लवकर जागी होते. म्हणून पार्सल आले की ठेवून द्यायचे नाही. आम्ही मुळ्या रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवल्या आणि सकाळी मोडलेली टोके कात्रीने छाटली.

खरे कष्ट खड्ड्याचे. आमच्याकडे वीतभर मातीखाली जांभा. ह्यांनी दोन रविवार आधीच पहार घेऊन दीड फूट लांब, रुंद आणि खोल असे सहा खड्डे घराच्या मागच्या बाजूला काढून ठेवले होते, म्हणजे समुद्राचा खारा वारा थेट लागणार नाही. त्यांत माती, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा भरला. मध्ये मातीचा उंचवटा करून त्यावर मुळ्या हाताच्या बोटांसारख्या पसरल्या, माती दाबली, भरपूर पाणी दिले.

कोकणातल्या माणसाला गुलाबाचे एक कोडे सहज सुटते. हापूसचे कलम जसे रायवळीच्या खुंटावर, तसा चांगला गुलाब रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेला असतो. तो जोड मातीच्या वर दोन बोटे राहिला पाहिजे. जोडाखालून फुटणारी फांदी जोमदार दिसते, पण ती खुंटाची. तिला ठेवले तर मूळ गुलाब मरतो. ती बुडापासून काढायची.

दोन काठ्या वाळल्या. चौघींना तीन आठवड्यांत तांबूस कोंब आले. फेब्रुवारीत पहिली कळी दिसली, तेव्हा हे रोज कामावर जाण्याआधी पाहून जात. पण झाड बाळसे धरेपर्यंत पहिल्या कळ्या खुडायच्या असतात. मी ती खुडली. हे दिवसभर बोलले नाहीत.

मे महिना आला आणि विहीर तळाला गेली. सासूबाई म्हणाल्या, "पिऊक पाणी नाय आणि तू काठयांक घालतंस?" त्यांच्या बोलण्याचा मला राग आला नाही. लहानपणी दुसऱ्याच्या विहिरीपाशी घागर घेऊन, कोणी वरून पाणी ओतील याची वाट पाहत त्या उभ्या राहिल्या आहेत. महाडचा सत्याग्रह १९२७ सालचा. पण गावोगावच्या विहिरींना तो पोहोचायला फार वर्षे लागली. त्यांच्या लेखी पाणी ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. मी तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी साठवू लागले, बुंध्याभोवती नारळाची सोडणे आणि पेंढा पसरला. चार दिवसांनी पाहते तर तांदळाचे पाणी माझ्याआधीच कोणीतरी झाडांना घातलेले असे.

मग पावसाळा. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून मातीची भर घालून चर काढले. पानांवर काळे ठिपके पडले, तेव्हा गळलेली पाने रोज वेचून जाळली. ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर छाटणी केली. साधारण दीड महिन्याने चारही झाडांना कळ्या आल्या.

पहिले फूल ह्यांनी मला दिले, तेही स्वयंपाकघरात, कोणी नसताना. दुसरे फूल कोणी तोडले, हे मी विचारले नाही. सासरे जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. घरात कोणी बंदी घातली नव्हती, तरी त्या दिवसापासून सासूबाईंनी केसांत फूल माळले नव्हते. दुपारी त्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि पदराआडून लाल पाकळी दिसत होती.

गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांनी गुलाबाच्याही अनेक जाती निर्माण केल्या. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या गुलाबांत 'भीम' नावाचाही एक आहे. तो आमच्या चौघांत नाही. पुढल्या डिसेंबरात मिळाला तर मोकळ्या राहिलेल्या दोन खड्ड्यांपैकी एक त्याचा.

भगिनींनो, तुमच्या घरी कोणी अशा काठ्या आणल्या तर हसू नका. आणि बंधूंनो, आणायच्या असतील तर पावसाळा सरल्यावर, थंडीत आणा. खड्डे आधी खणून ठेवा. खणण्याचे काम मात्र बायकोवर टाकू नका.