किर्लोस्करवाडीस एक दिवस

गेल्या माघात आम्ही किर्लोस्करवाडीस जाऊन आलो. तीर्थयात्रेच्या वयात कारखाना पाहावयास का निघालात, असे घरातील मंडळींनी विचारले, तेव्हा त्याचे कारण सांगणे प्राप्त आहे. आमचा पुतण्या लोखंडकामाचा लहानसा कारखाना चालवितो. तो वाढविण्यासाठी वडिलोपार्जित जमीन गहाण टाकावी, असे त्याचे म्हणणे. यावरून घरात दोन तट पडले. सही व्हावयाची ती आमची. आणि आम्ही तर सारा जन्म मुलांकडून शब्दरूपे पाठ करवून घेण्यात घालविलेला! तेव्हा म्हटले, ज्याने कर्जाच्या पैशावर उजाड माळावर कारखाना उभारला, त्याचे गाव तरी एकदा पाहावे. पुतण्यासही बरोबर घेतले.

कऱ्हाडास गाडीत बसलो. ताकारी मागे पडली की थोड्याच वेळात किर्लोस्करवाडीचे स्टेशन लागते. याचे जुने नाव कुंडल रोड. आज भोवताली उसाचे मळे डोलतात. परंतु १९१० साली बेळगावची जागा सोडावी लागून लक्ष्मणराव किर्लोस्कर येथे आले, तेव्हा निवडुंग आणि नाग यांचेच राज्य होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ३२ एकर माळ व १०,००० रुपयांचे कर्ज दिले आणि सुमारे २५ कामकरी बायकामुलांसह येथे राहावयास आले. कारखान्याबरोबरच गावही वसले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

लक्ष्मणरावांस चित्रकार व्हावयाचे होते. पण काही रंग ओळखता येत नसल्यामुळे तो नाद सोडून ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. शिक्षक! येथे आम्ही पुतण्याकडे जरा ताठ मानेने पाहिले.

त्यांनी लोखंडी नांगर केला, पण तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीस विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत. दोन वर्षे नांगर पडून राहिले. आपला माल खपत नाही म्हणजे गिऱ्हाईक अडाणी, असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. आम्हीही वर्गात नापास मुलांविषयी हेच म्हणत आलो. परंतु ज्याचे पोट एका शेतावर, तो नव्या अवजाराची परीक्षा स्वतःच्या शेतावर कशी करील? लक्ष्मणराव दम धरून राहिले. पुढे पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा घेऊन त्यांनी त्या वितळविल्या व त्यांचे नांगर ओतले.

कारखान्यात शिरण्याचा परवाना आमच्यापाशी नव्हता. आज तेथे पंप तयार होतात, एवढेच ऐकले. तेव्हा बाहेर एका झाडाखाली बसून आम्ही पुतण्यास जुनी हकीकत सांगू लागलो. बंधू रामूअण्णा व्यवस्था पाहत, शंभूराव जांभेकर यंत्रे सांभाळीत, आणि शिक्षण अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर येथे येऊन कुशल कारागीर झाले. वाडीचा रात्रीचा पहारा तर दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या दोघांवर सोपविलेला होता, आणि त्यांनी तो इमानाने केला! कौटिल्याने अर्थशास्त्राचे एक संपूर्ण अधिकरण खात्याखात्यांच्या अध्यक्षांस दिले आहे. शेतीसाठीही सीताध्यक्ष नेमला आहे. त्याचा भर मात्र नोकराने चोरी करू नये म्हणून त्याच्यावर डोळा ठेवण्याकडे अधिक. हिशेबावर डोळा हवाच. परंतु चोरालाच राखण बसविण्याचे धाडस त्या ग्रंथात आम्हांस आढळले नाही.

पुतण्या म्हणाला, "तात्या, तो काळ निराळा होता. आता यंत्र नवे हवे; माणसे काय, मिळतात." नव्या यंत्राची किंमत, त्याचा वेग, हप्ता, सारे त्याने घडाघडा सांगितले.

"तुझ्याकडे माणसे किती?"

"अकरा."

"त्यांची नावे सांग पाहू."

नऊ नावे त्याने सांगितली. मग अडखळला. "दोघे नवीन आहेत, तात्या."

"किती नवीन?"

"दीड वर्ष झाले असेल."

आम्ही पुढे काही बोललो नाही. तोही उन्हाकडे पाहत राहिला. मुलगा कष्टाळू आहे, व्यसन नाही, दिलेला शब्द पाळतो. हे येथे न सांगणे अन्यायाचे होईल. परंतु प्रत्येकास औंधचा राजा भेटत नाही, आणि त्या जमिनीवर आमच्या घरची चार चुलींची माणसे जेवतात.

परतीच्या गाडीत कऱ्हाड येईतो त्याने एकच प्रश्न विचारला: ते दोन पहारेकरी पहिल्या रात्री काय मनात धरून बसले असतील? आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढील रविवारी आम्ही त्याच्या कारखान्यात जाणार आहो. तोवर त्या दोघांची नावे, गावे आणि घरची माणसे त्याने विचारून ठेवावयाची आहेत. जमिनीचा कागद अद्याप आमच्या पेटीतच आहे.